बंद करून पुन्हा चालू

कांबळे मॅडमचं नाव आधी लिहितो. पुढं जे सांगायचंय ते सांगताना मध्येच थांबायचा मोह होणार, हे मला माहीत आहे. म्हणून नाव आधी. सुशीला कांबळे, बी.एस्सी., रसायनशास्त्र. शिरोलीतल्या एका फौंड्रीची, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्याची, लॅब त्या बघायच्या. नववीतून शाळा सोडून किनवटकडून कोल्हापुरात आलेला माणूस मी. मॅडमनी माझी इंग्रजी अक्षरांची भीती घालवली, बाहेरून परीक्षा देणाऱ्यांचा सतरा नंबरचा फॉर्म भरून मला दहावीला बसवलं, आणि या परक्या गावात "जेवलास काय रे?" असं विचारणारं एक माणूस मला त्यांच्या रूपानं मिळालं. त्यांना मी काय दिलं, ते आता लिहितो.

माझं काम वायरलेसचं, आता ज्याला वायफाय म्हणतात त्याचं. शाहूपुरीत सुरेशदादांचं कंप्युटरचं दुकान होतं, तिथं मी केबल ओढायला म्हणून लागलो. दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत छताला चिकटवायचे पांढरे बॉक्स नवीन आले होते. एका इमारतीत असे चार-पाच बॉक्स लावायचे आणि ऑफिसातल्या एका कंप्युटरवर बसून सगळे हाकायचे. लोकांना वाटतं, बॉक्स लावला की काम संपलं. खरं काम तिथून सुरू होतं. कुठला बॉक्स किती जोरात बोलणार, कुठल्या चॅनेलवर बोलणार, आणि गर्दी झाली की कुणाला आधी वाट देणार, हे सगळं ठरवून द्यावं लागतं.

जोराचं बघा. गिऱ्हाइकाला नेहमी वाटतं, जोर जास्त असला की चांगलं. शाहूपुरीतला एक इलेक्ट्रिकचा दुकानदार मला म्हणाला होता, "पावणं, पडद्यावर सिग्नलच्या पाच काड्या दिसल्या पायजेत. चार दिसल्या तर मी चारच काड्यांचं पैसं देणार." त्याला मी जोतिबाचं उदाहरण दिलं. डोंगरावरचा भोंगा खालच्या गावात स्वच्छ ऐकू येतो. पण खालून तुम्ही हाक मारली तर वर कुणाला ऐकू जाणार? बॉक्सचा जोर वाढवला की त्याचं बोलणं लांब पोचतं; लॅपटॉपचं बोलणं मात्र होतं तेवढंच राहतं. काड्या पाच दिसतात आणि काम होत नाही. तो म्हणाला, "व्हय, पटलं. पण काड्या पाचच कर."

चॅनेलचंही तसंच. तेव्हाच्या बॉक्सांना तेरा नंबर होते, पण एकमेकांना न घासता चालणारे तीनच: एक, सहा आणि अकरा. चौथा बॉक्स आला की त्याला यांतलाच एक नंबर पुन्हा द्यावा लागतो. मग एकाच नंबरचे दोन बॉक्स लांब-लांब ठेवायचे आणि दोघांचा आवाज बारीक ठेवायचा, म्हणजे एकमेकांत बोलत नाहीत. यात मोठी विद्या नाही. पण काळजी लागते, आणि काळजी करण्यात मी पहिल्यापासून हुशार. बॉक्स लावून आलो तरी मला वाटत राहायचं, आपण कुठंतरी चुकलोय, उद्या फोन येणार, आणि कुणीतरी विचारणार की याला कामावर घेतला कुणी?

कारण सुरेशदादांना मी खोटं सांगितलं होतं. "बारावी झालीय, कागद गावाकडं आहेत." त्यांनी कधी मागितले नाहीत. पण मागतील, या धाकानं मी पाच वर्षं काढली.

फौंड्रीचं काम आलं तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. मालकांना हिशेबाच्या ऑफिसात, गेटवर, लॅबजवळ आणि भट्टीच्या शेडमध्ये वायरलेस पाहिजे होतं. यातलं लॅब ते भट्टी हे अंतर सगळ्यात महत्त्वाचं. का, ते सांगतो. भट्टीत एका वेळी जेवढं लोखंड वितळवतात, त्याला हीट म्हणतात. ओतायच्या आधी त्यातला चमचाभर रस काढून रुपयाएवढी चकती करतात, थंड करतात, आणि लॅबमध्ये नेतात. तिथल्या यंत्रावर ती ठेवली की दोन-चार मिनिटांत कळतं, कार्बन किती, सिलिकॉन किती. कमी असेल तर भट्टीत आणखी माल टाकायचा, बरोबर असेल तर ओतायचं. पूर्वी लॅबमधला माणूस आकडे खडूनं पाटीवर लिहून पळत भट्टीवर जायचा. मालकांनी भट्टीच्या चौथऱ्यावर एक पडदा बसवला. लॅबमधून आकडे थेट तिथं दिसणार होते.

मी लॅबमध्ये खुर्चीवर बसून पहिला बॉक्स लावत होतो. सुरेशदादांनी दिलेल्या छापील कागदावरून एकेक शब्द बघून पडद्यावर तसाच शब्द शोधत होतो. पांढऱ्या ॲप्रनमधल्या बाई मागं कधी येऊन उभ्या राहिल्या कळलं नाही.

"तू वाचत न्हाईस," त्या म्हणाल्या. "चित्रं जुळवालायस."

माझे कान तापले. मी म्हटलं, "नाही मॅडम, वाचतो की."

"मग हे काय हाय सांग बघू."

तिथं प्रायॉरिटी लिहिलं होतं. मला ते कागदावर 'पी'नं सुरू होणारं लांब चित्र म्हणूनच पाठ होतं. मला वाटलं, आता या मालकांना सांगणार आणि संध्याकाळी मी किनवटच्या गाडीत.

त्यांनी मला हाताला धरून दारात नेलं. समोर शेडमध्ये क्रेनला लटकलेलं लॅडल, म्हणजे वितळलेल्या लोखंडाची बादली, निघालं होतं. "लॅडल!" अशी आरोळी झाली आणि वाटेतली माणसं हातातलं काम टाकून बाजूला झाली. हातगाडीवाला थांबला. ऑफिसचा एक साहेब फाईल घेऊन जात होता, तोसुद्धा भिंतीला चिकटला.

"याला म्हणायचं प्रायॉरिटी," मॅडम म्हणाल्या. "साहेब मोठा का लॅडल मोठं? ज्याला थांबवलं तर नुकसान हुतंय, त्याला वाट आधी. आता जा, लिही."

असे रोज दोन-तीन शब्द. काम आठवड्याचं होतं, मी ते तीन आठवडे पुरवलं. कोल्हापुरातल्या बायका "मी आलो, मी जातो" म्हणतात; मॅडमही तशाच बोलायच्या. "मी बी.एस्सी. झालो तवा आमच्या गल्लीत पेढं वाटलं, पण पयल्या नोकरीत मला बाटल्या धुवायला बसवलं. तू चित्रं जुळवून एवढं करतोस, वाचायला लागलास तर काय करशील?" कितवी झाली हे त्यांना मी खरं सांगितलं. कोल्हापुरात हे खरं सांगितलेलं ते एकच माणूस. त्यांनी गावाच्या शाळेला स्वतः पत्र लिहून दाखला मागवला आणि पावसाळ्यात माझा फॉर्म भरला. वैशाखातल्या पौर्णिमेला त्यांच्या घरी खीर असायची. तिचा डबा मला दुकानावर आला. सुरेशदादा चेष्टा करायचे, "गंगाधर, तुला इथं आई घावली रं!" मी हसायचो. मनात म्हणायचो, घावली खरी.

ही झाली चांगली बाजू. आता दुसरी.

दिवाळीनंतर मालकांनी शेडमध्ये चार कॅमेरे बसवले, तेही वायरलेसवर. आपल्या केबिनमध्ये बसून त्यांना भट्टी बघायची होती. चित्र अडकत अडकत यायचं. शिवाय लॅपटॉप घेऊन गाडीपर्यंत गेले की दोनच काड्या. मला बोलावून घेतलं.

"हे असलं चालायचं न्हाय. सगळ्या बॉक्सांचा जोर फुल्ल कर. आन् कॅमेऱ्याला सगळ्यात आधी वाट दे."

ऑफिसचा बॉक्स आणि लॅबजवळचा बॉक्स एकाच, एक नंबरच्या चॅनेलवर होते. म्हणून तर मी दोघांचा आवाज बारीक ठेवला होता. आणि सगळ्यात आधी वाट होती लॅबच्या आकड्यांना. मी म्हटलं, "साहेब, जोर कमी आहे तेच बरं आहे. आणि कॅमेरा पुढं काढला तर बाकीचं मागं पडेल."

मालक माणूस वाईट नव्हता. पण आवाज मोठा, आणि समोरच्याला गप्प करायची सवय. "किती शिकलायस रं तू?"

एवढंच विचारलं. त्याला उत्तर नको होतं, हे आज कळतं. त्या वेळी वाटलं, यांना कळलंय. आता सुरेशदादांना फोन जाणार. मी म्हटलं, "करतो साहेब." चारही बॉक्सांचा जोर फुल्ल केला, कॅमेरे सगळ्यात वर घातले, लॅबचे आकडे खाली, 'इतर' मध्ये टाकले. मालकांच्या पडद्यावर चित्र सरळ धावायला लागलं. ते खूश होऊन म्हणाले, "बघ, झालं की न्हाय?"

जाताना मी लॅबवरून गेलो. मॅडमनी हात केला. त्यांना सांगायला पाहिजे होतं, "चार दिवस आकडे पोचतात का बघत राहा." सांगितलं नाही. प्रायॉरिटी म्हणजे काय ते ज्यांनी शिकवलं, त्यांनाच मी साहेबाला पुढं काढून लॅडल थांबवलं हे कसं सांगणार?

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. मी पोचलो तेव्हा शेडमध्ये कामं थांबली होती. सकाळची एक हीट पूर्ण वाया गेली होती. पंपाची कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, होती, पुण्याच्या गिऱ्हाइकाची तातडीची. ओतून, फोडून बघितली तर आतून पांढरी आणि ठिसूळ. सिलिकॉन कमी पडलं होतं, आणि ते भट्टीत वाढवलंच नव्हतं.

भट्टीचे दत्तू मिस्त्री चौथऱ्यावर उभे राहून बोंबलत होते. "पडद्यावर आकडं बरोबर दिसलं, मी ओतलं! माझा काय दोष? जुन्या हीटचं आकडं पडद्यावर तसंच ऱ्हायलं, तर मला स्वप्न पडतंय काय? बाईनं आकडं पाठवलंच न्हाईत येळंवर. बाईमाणसाच्या हातात भट्टी दिली की असंच हुतंय!"

"मी पाठवलंय," मॅडम म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "चकती आली, तपासली, लगेच पाठवलं. सिलिकॉन वाढवा म्हणून शेरा बी घातला."

पूर्वी पाटी घेऊन माणूस गेला की मिस्त्री हीटचा नंबर ओरडून विचारायचे आणि तो ओरडून सांगायचा. पडदा आल्यावर ते बंद झालं होतं. पडद्यावर नंबर कोपऱ्यात बारीक अक्षरात होता. तो कोण बघतंय?

मालक माझ्याकडं वळले. "बघ रं. तुझ्या लाईनीत घोळ हाय, का बाईच्या कामात?"

मॅडमच्या चेहऱ्यावर एकदम सुटका दिसली. "बघू दे त्याला. गंगाधरला सगळं कळतं."

ऑफिसातल्या कंप्युटरवर मी लॅबजवळचा बॉक्स उघडला. प्रत्येक बॉक्सच्या पोटात एक नोंद असते: कुठलं यंत्र केव्हा जोडलं गेलं, केव्हा तुटलं. लॅबच्या कंप्युटरचा नंबर मला पाठ होता. सकाळच्या त्या वेळेला तो तुटला, जोडला, पुन्हा तुटला. अकरा मिनिटांत सात वेळा. मॅडमनी आकडे पाठवले होते, वेळेवर पाठवले होते, आणि ते माझ्या गर्दीत बाहेर उभे राहिले होते. त्या सात ओळी मी वाचल्या. चित्रं म्हणून नव्हे. शब्द न् शब्द वाचल्या. वाचायला मला त्यांनीच शिकवलं होतं.

मालक खांद्याशी उभे होते, पण त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं. "काय म्हणतंय?"

ही नोंद बॉक्सच्या तात्पुरत्या आठवणीत असते. बॉक्स बंद झाला की पुसली जाते. हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

मी म्हटलं, "एकदा बंद करून चालू करून बघतो साहेब."

कुणीच हरकत घेतली नाही. पंखा असो, टीव्ही असो, बंद करून चालू करणं हा आपल्याकडं सगळ्यांना मान्य असलेला उपाय आहे. मॅडमनी पण मान हलवली. मी बटण दाबलं. दोन मिनिटांनी बॉक्स उठला. लॅबचा कंप्युटर पुन्हा जोडला गेला, आणि नोंदीचं पान कोरं होतं.

"आता लाइन नीट आहे," मी म्हटलं.

त्या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. म्हणून तर ते मला जास्त टोचतं.

मालकांनी मॅडमना केबिनमध्ये बोलावलं. दार लावलेलं होतं. मी तेवढ्या वेळात, कुणी सांगितलं नसताना, चारही बॉक्सांचा जोर पुन्हा बारीक केला आणि लॅबच्या आकड्यांना सगळ्यात वर घातलं. कॅमेऱ्याचं चित्र दुसऱ्या दिवसापासून पुन्हा अडकायला लागलं असणार, पण त्या गडबडीत मालकांनी ते मनावर घेतलं नाही. माझं मला वाटलं, निदान पुन्हा असं होणार नाही. आपण चूक दुरुस्त केली.

मॅडम दुसऱ्या दिवसापासून आल्या नाहीत. मालकांनी राजीनामा लिहून घेतला होता. आठवड्यानं मी कामाला गेलो तेव्हा दत्तू मिस्त्री चहा पिता पिता सगळ्यांना सांगत होते, "बघा, बाई गेली आन् घोळ थांबला. एक आकडा चुकला न्हाय आठ दिसांत!"

माझी दुरुस्ती हाच मॅडमविरुद्धचा पुरावा झाला होता. मी ती केली नसती तर दुसरी हीट वाया गेली असती, तिसरी गेली असती, आणि कुणाला तरी कळलं असतं की दोष बाईंचा नाही. मी गुपचूप नीट केलं आणि त्यांच्या नावावर कायमचा डाग ठेवला.

तरी तेव्हाही बोललो नाही. बोललो असतो तर सुरेशदादांचं गिऱ्हाईक जाणार, माझी नोकरी जाणार, बारावीचं खोटं बाहेर येणार. मनाला रोज एक नवं कारण सापडायचं. भित्र्या माणसाकडं कारणांचा तुटवडा नसतो.

मार्चमध्ये परीक्षा होती. नोकरी गेलेली, तरी मॅडम पहिल्या पेपरला शाळेच्या फाटकाशी आल्या. माझ्याहून दहा वर्षांनी लहान पोरं भोवती, आणि त्यांच्यात मिशा असलेला मी. एक पोरगा मला "सर, नंबर कुठं लावलेत?" म्हणाला. मॅडम हसल्या. पाण्याची बाटली दिली, हॉल तिकिटावरचं नाव तपासलं. मग हळूच म्हणाल्या, "गंगाधर, एक विचारू? त्या दिवशी मशीनमधी खरंच काय दिसलं न्हाई काय रे? मीच चुकलो काय, असं वाटतं आता कधी कधी."

घंटा व्हायला वेळ होता. सांगायला एक मिनिटसुद्धा लागलं नसतं.

"नाही मॅडम," मी म्हटलं. "काही नव्हतं."

"बरं. जा. घाई करू नको, प्रश्न दोनदा वाच."

मी पास झालो. गुणपत्रिका घेऊन त्यांच्या घरी गेलो, तर कुलूप. शेजारच्या बाई म्हणाल्या, "गारगोटीला गेली की ती. शाळेत लागली कुठल्या तरी, प्रयोगशाळेत." ज्यांच्या शेऱ्यावर टनभर लोखंड थांबायचं, त्या आता शाळेत परीक्षानळ्या धुऊन ठेवत होत्या. पुन्हा बाटल्यांवर आल्या होत्या, माझ्यामुळं.

पुढं मी सुरेशदादांना शिक्षणाचं खरं सांगितलं. ते म्हणाले, "आरं, मला पयल्या दिवशीच कळलं हुतं. बारावी झालेला माणूस इतका घाबरत न्हाय." म्हणजे ज्या भीतीपायी मी हे सगळं केलं, ती भीतीसुद्धा खरी नव्हती.

त्यानंतर मी हॉस्पिटलं केली, कॉलेजची वसतिगृहं केली. एका रेक्टरना नेट फक्त स्वतःच्या खोलीत पाहिजे होतं आणि बिल सगळ्या पोरांवर लावायचं होतं. असले किस्से खूप आहेत, हसायला चांगले आहेत. पण या दिवाळी अंकाच्या संपादकांनी "तुमच्या धंद्यातला लक्षात राहिलेला अनुभव लिहा" म्हटल्यावर मला दुसरं काही सुचेना. मी आजही कुठलाही बॉक्स बंद करण्याआधी त्याची नोंद दुसरीकडं उतरवून घेतो. हाताखालची पोरं म्हणतात, "काका, कशाला एवढं?" मी सांगत नाही.

गारगोटीला मी दोनदा गेलोय, कामासाठी. दोन्ही वेळा शाळेच्या रस्त्यानं न जाता बाजारातून परत आलो.

यंदा गणपतीत दत्तू मिस्त्रींना गाठलं. आता घरीच असतात, कान गेलेत. त्यांच्या कानाशी ओरडून ओरडून सगळं सांगितलं; अर्ध्या गल्लीनं ऐकलं असेल.

"मर्दा, मी त्या बाईला फौंड्रीभर बदनाम केलो. तुझ्यापायी."

"होय मिस्त्री."

"मग मला का सांगालायस? मी काय न्यायाधीश हाय? तिला सांग की. चल, मी बी येतो. माझं मलाबी बोलायचंय तिच्याशी. कवा जायचं?"

"दिवाळी झाली की जाऊ."

"कुठल्या सालच्या?"

घरी येऊन मी हे लिहायला बसलो.

मॅडम, हा अंक तुमच्या हातात पडेल की नाही, माहीत नाही. तुम्ही चुकला नव्हता. आकडे वेळेवर गेले होते, शेरा बरोबर होता, आणि ते मी माझ्या डोळ्यांनी वाचलं होतं. तुमचं ऋण छापील कागदावर फिटत नाही, हेही मला कळतं. ते फेडायला मी येईन. मिस्त्रींना घेऊन येईन, आणि मालक आले तर त्यांनाही. दारात उभा राहून आधी हे सगळं तुमच्यासमोर तोंडानं सांगेन. त्यानंतर तुम्ही आत या म्हणालात, तरच आत येईन.